डेटा म्हणजे रिचार्ज नव्हे! बिग डेटा सल्लागार आणि आपली शाळा



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. सह्या झाल्या, चहा झाला, सगळे निघाले. एक पालक मात्र दाराशी घुटमळत उभे राहिले. त्यांची थोरली मुलगी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. आता ती बारावी विज्ञानला आहे. ते म्हणाले, "मॅडमजी, पोरगी म्हणते का मी बिग डेटाची सल्लागार होईन. आमाले तं डेटा म्हणजे रिचार्जच माहीत. त्याच्यात नोकरी कशी लागते जी?"

मला हसू आले, पण लगेच ओशाळल्यासारखेही झाले. कारण खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर येत नव्हते. डी.एड. करताना आम्हाला बालमानसशास्त्र शिकवले, पाठ टाचण काढायला शिकवले, पण हा शब्द कुठे आला नव्हता. "चार दिवसांनी सांगते जी," असे म्हणून मी त्यांना पाठवले आणि वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आले की हा विषय त्या एका मुलीचा नाही. तो माझ्या टेबलावरच्या हजेरीपटाचा आहे, आणि तुमच्याही. म्हणून हा लेख.

हा माणूस नेमके करतो काय?

आपल्या गोंदियाचेच उदाहरण घेऊ. आपला जिल्हा धानाचा. राईस मिल कुठे पाहायची हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. समजा, एका मिलमालकाला वाटते की यंदा भरडाईत हातात काही उरले नाही. का उरले नाही, हे मात्र कळत नाही. कुणी म्हणतो वीज महाग झाली, कुणी म्हणतो मजूर मिळत नाहीत, कुणी म्हणतो धानच खराब होते. प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

अशा वेळी सल्लागार येतो. तो आधी प्रश्न विचारतो. धान कोणत्या तारखेला आले? कोणत्या वाणाचे? ओलावा किती होता? क्विंटलमागे तांदूळ किती निघाला, कणी किती, कोंडा किती? विजेचे युनिट किती जळले? यंत्र किती वेळा बंद पडले? मालक म्हणतो, "हे सगळं लिहिलेलं आहे, पण वेगवेगळ्या वह्यांत." सल्लागार त्या वह्या एकत्र करतो. चुका दुरुस्त करतो. एकच वाण तीन ठिकाणी तीन नावांनी लिहिलेले असते, ते एक करतो. मग दिसू लागते की अमुक पंधरवड्यात आलेल्या ओल्या धानात कणी जास्त पडली आहे. सरकारी भरडाईत एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ देण्याचा हिशेब धरलेला असतो. इकडे अख्खा तांदूळ कमी आणि कणीच जास्त निघाली, तर तोटा कुठून आला हे कळले की नाही? शेवटी तो मालकाला दोन वाक्यांत सांगतो: ओलावा मोजल्याशिवाय धान यंत्रात घालू नका, आणि वाळवण्याची जागा वाढवा.

उदाहरण मी रचलेले आहे, पण कामाचा क्रम खरा आहे. प्रश्न ठरवणे, माहिती गोळा करणे, ती साफ करणे, तिच्यात काही आकृतिबंध दिसतो का ते शोधणे आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला त्याच्या भाषेत सांगणे. या पाच पायऱ्यांपैकी सगळ्यात जास्त वेळ साफसफाईत जातो, असे या क्षेत्रातले लोक वारंवार सांगतात. म्हणजे तांदूळ निवडण्यासारखेच काम. शिजायला वेळ कमी, खडे काढायला जास्त.

'बिग' कशाला म्हणायचे?

एका मिलच्या वह्या म्हणजे काही बिग डेटा नव्हे. त्या एका कपाटात मावतात. पण शेकडो मिलच्या यंत्रांतून सेकंदासेकंदाला येणारे आकडे, बाजार समित्यांचे रोजचे भाव, उपग्रहावरून घेतलेली शेतांची छायाचित्रे, पावसाच्या नोंदी, मालगाड्यांच्या वेळा हे सगळे एकत्र आले की ते वहीत मावत नाही आणि एका संगणकातही मावत नाही. २००१ साली डग लेनी नावाच्या विश्लेषकाने याची तीन लक्षणे सांगितली. माहितीचा आकार मोठा असतो, ती येण्याचा वेग मोठा असतो आणि तिच्यात विविधता असते. आकडे, फोटो, आवाज, मजकूर असे सगळेच तिच्यात येते. अशी माहिती अनेक संगणकांवर वाटून हाताळावी लागते. त्यासाठीचे तंत्र ज्याला येते आणि धंद्याची गणितेही ज्याला कळतात, तो बिग डेटाचा व्यवसाय सल्लागार.

आता जरा आपल्याकडे बघा. आपण शिक्षक रोज पोषण आहाराची संख्या मोबाइलवर भरतो. यू-डायसवर प्रत्येक मुलाची माहिती भरतो. अंगणवाडी ताई पोषण ट्रॅकरवर बाळांचे वजन भरतात. २०२१ पासून शेतकरी स्वतः बांधावर उभे राहून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो टाकतात. ज्याला बिग डेटा म्हणतात, त्याचा एक मोठा झरा आपल्या गावातूनच वाहतो. आपण तो रोज भरतो. फक्त त्याचे पुढे काय होते हे आपल्याला माहीत नसते. माहिती भरणारे आपण आणि वाचणारे दुसरेच कुणी, अशी विभागणी होऊन बसली आहे. त्या मुलीला ही विभागणी मोडायची आहे, असे मला वाटते. म्हणून तिच्या स्वप्नाला हसून चालणार नाही.

एका पाटलांची वाट

या क्षेत्रातले सगळ्यात गाजलेले नाव शोधायला गेले तर ते निघाले चक्क पाटील! धनुर्जय पाटील. जग त्यांना डीजे पाटील म्हणून ओळखते. त्यांचे वडील सुहास पाटील जमशेदपूरला जन्मले, आयआयटी खरगपूरला शिकले, मग अमेरिकेत एमआयटीला गेले आणि पुढे त्यांनी सिरस लॉजिक ही चिप बनवणारी कंपनी उभी केली. एवढ्या घरातला मुलगा म्हणजे त्याची वाट सरळच असणार, असे आपल्याला वाटते. पण डीजे यांनी सुरुवात केली ती डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातून. कम्युनिटी कॉलेज म्हणजे परिसरातल्या कुणालाही सहज प्रवेश मिळेल असे स्थानिक महाविद्यालय. तिथून ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात गणित शिकले आणि मग मेरीलँड विद्यापीठातून उपयोजित गणितात पीएच.डी. झाले.

तिथे त्यांनी हवामानाच्या अंदाजावर काम केले. आणि कशाच्या जोरावर? अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या नोंदींच्या जोरावर. म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी ठिकाणी रोज नेमाने तापमान लिहिले, वाऱ्याचा वेग लिहिला, आणि ते आकडे एका विद्यार्थ्याच्या कामी आले. त्या नोंदी लिहिणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी खरे लिहिले नसते, तर पाटील काय करणार होते? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पुढे ते लिंक्डइन या कंपनीत गेले. २००८ च्या सुमारास त्यांनी आणि फेसबुकच्या जेफ हॅमरबाकर यांनी या कामाला 'डेटा सायंटिस्ट' हे नाव रूढ केले. २०१२ साली पाटील यांनी थॉमस डेव्हनपोर्ट यांच्यासोबत 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये या नोकरीवर लेख लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. त्यात लिंक्डइनमधलीच एक गोष्ट आहे. जोनाथन गोल्डमन नावाचा भौतिकशास्त्रातला पीएच.डी. तरुण २००६ साली तिथे आला. त्याला दिसले की लोक नाव नोंदवतात, पण ओळखीचे कुणी भेटत नाही म्हणून गप्प बसतात. त्याने विचार केला की दोघांचा एक समाईक मित्र असेल, दोघे एकाच वर्षी एकाच कॉलेजात असतील, तर ते एकमेकांना ओळखत असण्याचा संभव आहे. मग 'कदाचित तुम्ही यांना ओळखत असाल' अशी नावे दाखवायला सुरुवात झाली. आज आपल्या मोबाइलवर अशा सूचना रोज येतात. मुळात ती एका माणसाला पडलेली शंका होती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या काळात डीजे पाटील अमेरिकेच्या सरकारचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट झाले. पुढे त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर पुस्तिका लिहिली ती डेटा वापरण्याच्या नीतीवर. एवढ्या उंचीवर गेलेल्या माणसाला नीतीवर लिहावेसे वाटले, हे मला फार बोलके वाटते.

आणेवारी ते पीक कापणी प्रयोग

कुणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेतले. आपल्याकडे कुठे? तर ऐका. आपल्या शेतकऱ्याला आणेवारी हा शब्द पाठ आहे. आता पैसेवारी म्हणतात. पूर्वी पीक कसे आहे हे नजरेने ठरवत. पूर्ण पीक म्हणजे १६ आणे. अर्धे दिसले की आठ आणे. बघणारा कुठून बघतो, कुणाचे शेत बघतो, त्याचा स्वभाव कसा, यावर तो आकडा ठरायचा. रस्त्यालगतचे शेत सहज दिसते, आतले कोण पाहायला जातो?

हे बदलण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी त्यांचा जन्म झाला. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते परत आले आणि कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. १९४० च्या दशकात त्यांनी आणि डॉ. पानसे यांनी पिकाचा अंदाज काढण्याची शास्त्रीय पद्धत रुजवली. गावे आणि शेते चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची. सोयीचे शेत निवडायचे नाही. त्या शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग. आजही दर हंगामात आपल्या बांध्यांमध्ये दोरी लावून हे चालते. पीक विम्याचा हिशेबही त्यावर बसतो. सुखात्मे पुढे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले, तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्याजवळ संगणक नव्हता. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट आजच्या सल्लागारालाही लागू आहे. सोयीच्या जागेवरून मोजलेला आकडा कितीही मोठ्या यंत्रात घातला तरी खरा होत नाही.

माझे 'निरंक'

आता जे लिहिते आहे ते लिहायला सोपे नाही. पण ते टाळले तर बाकीचा लेख लिहिण्याचा मला हक्क राहत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलांच्या सर्वेक्षणाचे प्रपत्र आले. संध्याकाळी पाचपर्यंत माहिती पाठवायची होती. गेल्या वर्षीचे प्रपत्र फाइलमध्ये होते. त्यात सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहिलेले. मी तेच खाली उतरवले. तुम्हाला हा शब्द माहीत आहे. आपल्या कागदपत्रांत तो इतका सवयीचा झाला आहे की हात आपोआप तो लिहितो.

त्या दिवशी माझ्या वर्गातली तिसरीची एक मुलगी गावात नव्हती. धान कापून झाल्यावर तिचे आई-वडील वीटभट्टीच्या कामाला बाहेर गेले होते आणि तिला सोबत घेऊन गेले होते. मला हे माहीत होते. रोज तिची जागा रिकामी दिसत होती. पण "येतीलच परत" असे मी स्वतःला सांगितले. पट कमी दिसला तर पुढे शिक्षकाचे पद जाते, ही भीतीही मनात होती. ते मी लपवत नाही.

ती मुलगी जूनमध्ये परत आली. वाचन विसरली होती. जोडाक्षर आले की गप्प व्हायची. वर्गात मागे जाऊन बसायची. मी जर तिची नोंद केली असती, तर तिला शिक्षण हमी कार्ड देता आले असते. ते कार्ड घेऊन ती भट्टीजवळच्या शाळेत बसू शकली असती. गावात अशी मुले जास्त निघाली असती, तर हंगामी वसतिगृहाची मागणी करता आली असती, म्हणजे आई-वडील गेले तरी मूल गावातच राहिले असते. या सोयी कागदावर आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता माझ्या रकान्यातून जात होता. मी तिथे 'निरंक' लिहून रस्ता बंद केला.

आता विचार करा. उद्या एखादा हुशार सल्लागार पुण्या-मुंबईत बसून ही सगळी प्रपत्रे एकत्र करेल. नकाशा काढेल. आमच्या गावावर त्याला पांढरा ठिपका दिसेल, म्हणजे इथे प्रश्नच नाही. तो म्हणेल, "इथे खर्च नको, दुसरीकडे करा." त्याचे गणित बरोबर असेल. त्याच्या संगणकात चूक नसेल. चूक माझ्या पेनात होती.

"आधीच काय कमी कामं आहेत का?"

हे वाचून माझे काही सहकारी रागावतील, आणि तो राग मला मान्य आहे. एकाच मुलाची माहिती आपण किती ठिकाणी भरतो? नेटवर्क नसते तेव्हा गच्चीवर, टेकडीवर जाऊन भरतो. शिकवायचा वेळ त्यात जातो. "तातडीचे" म्हणून दुपारी आदेश येतो आणि संध्याकाळी माहिती मागतात. अशा घाईत कुणीही गेल्या वर्षीचाच आकडा उतरवेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे: जो आकडा मागतो, त्याने त्या आकड्याचे काय केले हे शाळेला परत सांगितले पाहिजे. आपण मुलांची उंची-वजने भरतो. "तुमच्या शाळेतल्या या मुलांकडे लक्ष द्या" असे उत्तर उलट आले, तर पुढच्या वेळी वजनकाटा नीट ठेवूनच वजन घेऊ. माहिती वर जाते पण खाली येत नाही, तेव्हा ती भरणाऱ्याला ओझे वाटते. हे केवळ शाळेत घडते असे नाही. कंपन्यांतही असेच होते, आणि चांगला सल्लागार पहिल्यांदा तेच शोधतो. माहिती लिहिणाऱ्या कामगाराला तिचा काही उपयोग आहे का? नसेल, तर तो कसातरी आकडा टाकणारच.

पण ही मागणी करताना आपला रकाना आपण खरा ठेवला पाहिजे. नाहीतर आपल्या मागणीला काय वजन राहील?

मग वर्गात काय करायचे?

बिग डेटा चौथीत शिकवायचा नसतो. पण त्याची मुळे तिथेच रुजतात. पाचवीत चित्रालेख येतो, सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख. आपण ते पुस्तकातल्या आकड्यांवर करून टाकतो. त्याऐवजी मी माझ्या वर्गात काही छोट्या गोष्टी करून पाहिल्या. तुम्हीही करून पाहा.

पहिली गोष्ट, हजेरीचा तक्ता. एक महिना भिंतीवर रोजच्या गैरहजर मुलांच्या ताळ्याच्या खुणा केल्या. सुरुवातीला मुलांना विचारले, कोणत्या दिवशी जास्त मुले येत नाहीत? सगळे एका सुरात म्हणाले, "सोमवारी!" महिनाअखेर मोजले तर आठवडी बाजाराचा दिवस निघाला. मग पुढचा प्रश्न, का? एक मुलगा म्हणाला, "माय बाजारात जाते, लहान्याले मी सांभाळतो." हजेरीपटावर मी वर्षानुवर्षे सह्या करत होते, पण हे मला दिसले नव्हते. आता बाजाराच्या दिवशी धाकट्या भावंडाला वर्गात घेऊन यायची मुभा दिली आहे. थोडा गोंगाट होतो, पण मूल शाळेत येते.

दुसरी गोष्ट, सारस. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात. दरवर्षी त्यांची गणना होते. वेगवेगळी पथके पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन मोजतात. मी मुलांना विचारले, एकाच वेळी का? एकेका तलावावर एकेक दिवस गेले तर काय बिघडते? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "तोच पक्षी उडून दुसऱ्या तळ्यावर जाईल तं दोनदा मोजला जाईल ना जी!" एकच नोंद दोनदा येणे ही मोठमोठ्या कंपन्यांना छळणारी अडचण आहे. चौथीच्या मुलीने ती सारसावरून ओळखली.

तिसरी गोष्ट, खडा शोधा. फळ्यावर दहा मुलांची वजने लिहायची आणि मुद्दाम एक २१० किलो लिहायचे. मुले हसतात. मग विचारायचे, खरे किती असेल? काही म्हणतात २१. मग सांगायचे, अंदाजाने दुरुस्त करायचे नाही, जाऊन पुन्हा वजन करायचे. हा नियम मला स्वतःलाही उशिरा कळला.

चौथी गोष्ट, तीन वाक्ये. तक्ता झाला की मुलाने उभे राहून तीनच वाक्ये बोलायची. आम्ही काय मोजले, आम्हाला काय दिसले, आणि यावरून काय सांगता येत नाही. तिसरे वाक्य सगळ्यात अवघड. पण सल्लागाराची खरी किंमत त्याच तिसऱ्या वाक्यात आहे. जो सगळ्यालाच हो म्हणतो, त्याचा सल्ला कशाला घ्यायचा?

पालकांसाठी

तुमचे मूल या वाटेला जाऊ म्हणत असेल, तर घाबरू नका आणि भुलूही नका. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये लाखोंचे पॅकेज अशा जाहिराती मोबाइलवर येतात. फी भरण्याआधी दहा जणांना विचारा. सल्लागार हे पहिल्याच दिवशी मिळणारे पद नव्हे. आधी काही वर्षे बँकेत, विमा कंपनीत, कारखान्यात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत माहिती विश्लेषकाचे काम करावे लागते. तक्ते साफ करावे लागतात. एखादा धंदा आतून कळावा लागतो. मग लोक सल्ला विचारायला येतात.

पाया गणिताचा आणि संख्याशास्त्राचा हवा. बी.एस्सी. संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा अनेक वाटांनी जाता येते. सोबत एसक्यूएल आणि पायथन या संगणकीय भाषा शिकाव्या लागतात. आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता प्रक्रिया आहे. घरी राहून शिकता येते, परीक्षेला केंद्रावर जावे लागते. स्वयम् या सरकारी मंचावर संख्याशास्त्राचे चांगले पाठ मोफत पाहता येतात. कामासाठी लगेच परदेशातच जावे लागते असेही नाही. डॉ. आनंद देशपांडे यांनी डेटाबेस या विषयात पीएच.डी. करून १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टम्स सुरू केली, आणि तिची शाखा आपल्या नागपुरातही आहे.

आणखी एक. आता यंत्रेच तक्ते साफ करू लागली आहेत, प्रोग्रामही लिहू लागली आहेत. त्यामुळे केवळ सॉफ्टवेअर येते एवढ्यावर भागणार नाही. योग्य प्रश्न विचारणे, आकड्यावर शंका घेणे आणि समोरच्याला समजेल असे बोलणे, हे ज्याला येईल तो टिकेल. म्हणून मुलीला मराठीही चांगले वाचू द्या, लिहू द्या. ती तिच्या करिअरचाच भाग आहे.

आणि दुसऱ्याची माहिती ही त्याची ठेव आहे, हे घरातच शिकवा. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायद्याच्या आधी संस्कार येतो. शेजाऱ्याचे आधार कार्ड मोबाइलवर फिरवायचे नाही, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

शेवटी

चार दिवसांनी मी त्या पालकांना निरोप पाठवला. ते आले. मी त्यांना मिलचे उदाहरण सांगितले, सुखात्म्यांचे सांगितले. ते सगळे ऐकून म्हणाले, "म्हणजे मॅडमजी, हा माणूस लोकाइच्या वह्या वाचून त्याइले अक्कल सांगते." मी म्हटले, "हो जी, पण वही खरी असली तरच." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मग पोरीले म्हणतो, आधी आपल्या घरचा हिशेब लिहून दाखव. पेरणीपासून विक्रीपर्यंत." मला वाटते, एवढा चांगला पहिला पाठ मीही दिला नसता. ती मुलगी आता या हंगामाचा बियाणे, खत, मजुरी आणि विक्रीचा हिशेब वहीत लिहिते आहे. धान पिकवून हातात नेमके काय उरते, हा प्रश्न बाहेरचा सल्लागार कुणी पैसे दिल्याशिवाय विचारणार नाही. तिला तो न सांगता पडला आहे.

यंदाही सर्वेक्षणाचे प्रपत्र आले. या वेळीही वेळ कमी होता. मी आणि माझे सहकारी दोन संध्याकाळी घरोघरी गेलो. दोन दारांना कुलूप होते. शेजाऱ्यांना विचारले, फोन लावले, तारखा लिहून घेतल्या.

प्रपत्र पाठवल्यावर वरून फोन आला, "मॅडम, तुमच्याकडे दरवर्षी निरंक असते. यंदा चुकून ३ पडले का?"

मी म्हटले, "नाही सर, तीनच आहेत. नावं सांगू का?"